विजेचा धक्का आणि अळंबी

पावसाळ्याच्या तोंडावर आभाळ गडगडते. विजा चमकतात. दोन-चार दिवसांत पोरे टोपल्या घेऊन रानात पळतात. वारुळाच्या आजूबाजूला पांढरी अळंबी वर आलेली असते. कुणी तिला अळंबी म्हणतात, कुणी अळमी, कुणी भूछत्र. आमचे आजोळ कोकणातले. तिथली जुनी माणसे म्हणत, "आभाळ गडगडल्याशिवाय अळंबी डोके वर काढत नाही."

पुढे आम्ही मास्तर झालो. एकदा सातवीच्या वर्गात आम्ही विचारले, "अळंबी पावसाळ्यातच का उगवते?" एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "गुरुजी, वीज कडाडते म्हणून." सारा वर्ग हसला. आम्हीही हसलो. "अरे, ओल असते म्हणून. विजेचा काय संबंध?" असे म्हणून आम्ही त्याला खाली बसवले. त्या वर्षी त्या पोराने पुन्हा हात वर केला नाही.

आमचे उत्तर चूक नव्हते. ओल नसेल तर अळंबी नाही, हे खरेच आहे. पण त्या मुलाचे उत्तरही हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. हे आम्हाला फार उशिरा कळले. कसे कळले ते सांगतो.

आधी अळंबी म्हणजे काय ते पाहू. शिळ्या भाकरीवर बुरशी येते. ती नीट पाहा. कापसासारखे बारीक बारीक धागे दिसतील. तीच खरी बुरशी. हे धागे भाकरीत शिरतात, तिचा रस करतात आणि तो शोषून घेतात. अळंबीचेही तसेच असते. तिचे धागे जमिनीत, लाकडात, कुजलेल्या पेंढ्यात महिनोन् महिने पसरत असतात. ते आपल्याला दिसत नाहीत. आपल्याला दिसते ती वरची छत्री. ती छत्री म्हणजे झाडाला लागलेल्या फळासारखी. झाड जमिनीच्या आत आणि फळ तेवढे बाहेर!

(जाता जाता एक सांगतो. रानात दिसेल ती छत्री घरी आणू नका. काही जाती प्राणघातक विषारी असतात. उकळून विष जाते, चांदीचे नाणे काळे पडले तरच विष असते, या समजुती खोट्या आहेत. ज्याची ओळख पक्की, तेच खावे.)

आता प्रश्न असा, की हे धागे छत्री कधी वर काढतात? पोटभर खायला मिळत असते, तोवर ते नुसते पसरत राहतात. फळ धरायची त्यांना घाई नसते. आमच्या डाळिंबवाल्या शेतकऱ्यांना हे समजावून सांगायला नको. डाळिंबाला पाणी देत राहा, झाड हिरवेगार वाढते, पण सारी फुले एकदम येत नाहीत. म्हणून ते काय करतात? झाडाला ताण देतात. महिनाभर, कधी त्याहून जास्त, पाणी तोडतात. पाने पिवळी पडतात, गळतात. झाड वाळल्यासारखे दिसते. मग छाटणी, खत आणि पाणी. पाणी मिळताच झाड फुलांनी लहडते. याला आपण बहार धरणे म्हणतो. संत्र्याला, मोसंबीलाही असाच ताण देतात. झाडाला धोका वाटला, की ते फळ-बी धरायच्या मागे लागते.

बुरशीचेही थोडेफार असेच आहे. आता जपानात चला.

जपानच्या मोठ्या बेटाच्या उत्तर भागात इवाते नावाचा प्रांत आहे. तिथे शिताके नावाची अळंबी लावतात. ती लावायची रीत मोठी नामी आहे. ओकच्या जातीच्या झाडांचे हातभर, दोन हात लांबीचे ओंडके तोडतात. त्यांना गिरमिटाने भोके पाडतात. त्या भोकांत अळंबीचे बियाणे, म्हणजे बुरशी वाढवलेले लाकडाचे तुकडे, ठोकून बसवतात. मग ओंडके सावलीत रचून ठेवतात. बुरशी लाकूड पोखरत आत पसरते. पहिले पीक यायला दीड-दोन वर्षे लागतात. एवढा धीर धरायचा!

तिथले शेतकरी पीक लवकर यावे म्हणून ओंडके थंड पाण्यात बुडवतात. कधी हातोड्याने ठोकतात. का ठोकायचे, असे विचारले तर म्हणतील, वाडवडील ठोकत आले. आणि तिथेही एक जुनी समजूत आहे: वीज जिथे पडते, तिथे अळंबीचे भरघोस पीक येते.

ही समजूत फक्त त्यांचीच नाही. आपल्या हिमाचलात आणि काश्मिरात गुच्छी नावाची महाग अळंबी मिळते. तिथले लोकही तिचा संबंध विजेशी जोडतात. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी प्लुटार्क नावाचा एक ग्रीक पंडित होऊन गेला. जमिनीत वाढणारी एक अळंबी गडगडाटाने होते असे लोक का मानतात, याची चर्चा त्यानेही लिहून ठेवली आहे. एकमेकांचे तोंडही न पाहिलेली माणसे एकच गोष्ट सांगतात, तेव्हा ती तपासून तरी पाहावी. आमच्यासारखे हसून मोकळे होऊ नये.

पण तपासायची कशी? गडगडाट आणि पाऊस जोडीनेच येतात. मग अळंबी पावसाने आली की विजेने, हे कसे ओळखायचे? कोंबडा आरवतो आणि उजाडते. म्हणून कोंबड्याने दिवस उगवला असे होत नाही. दोघांची जोडी फोडली पाहिजे. पाऊस तोच ठेवायचा आणि वीज कमीजास्त करायची.

इवाते विद्यापीठातल्या मंडळींनी नेमके हेच केले. कोइची ताकाकी हे तिथले विजेचे प्राध्यापक. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी सारख्या ओंडक्यांचे गट केले. लाकूड तेच, बियाणे तेच, पाणी तेच, जागा तीच. काही ओंडक्यांना विजेचा धक्का दिला, काहींना दिला नाही. मग अळंबी मोजली, तोलली. असे एक वर्ष नाही, चार वर्षे केले. २०१० साली त्यांचा निकाल जगभर छापून आला. लागवडीच्या दहा जाती तपासल्या होत्या. त्यातल्या आठ जातींचे पीक धक्क्याने वाढले. शिताके जवळजवळ दुप्पट झाली. नामेको नावाच्या दुसऱ्या जातीचे पीक ८० टक्क्यांनी वाढले.

हे वाचले तेव्हा आम्हाला तो सातवीतला मुलगा आठवला.

तरी एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. हे प्रयोग लागवडीच्या अळंबीवर झाले. आपली वारुळावरची अळंबी वाळवीच्या सोबतीने वाढते. तिची अशी ओंडक्यावर लागवड होत नाही. म्हणून आजोळच्या म्हाताऱ्यांचे म्हणणे सिद्ध झाले, असे आम्ही म्हणणार नाही. आणि खरी वीज ओंडक्यावर पडली तर ओंडका जळेल, अळंबी कसली येते! ती जवळपास पडली आणि जमिनीतून पसरत पसरत मऊ होऊन धाग्यांपर्यंत पोचली, तर मात्र जपानातल्या धक्क्यासारखे काही होऊ शकते.

आता वीज बुरशीला करते तरी काय? लहानपणी केलेला खेळ आठवा. कोरड्या केसांतून कंगवा फिरवायचा आणि कागदाच्या कपट्यांजवळ न्यायचा. कंगवा कपट्याला शिवत नाही, तरी कपटा उडी मारून येतो. म्हणजे विजेची ओढ न शिवताही पोचते. ही ओढ जेवढ्या जागेत असते, त्या जागेला विद्युत क्षेत्र म्हणतात. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे.

बुरशीच्या धाग्यांना ही ओढ कळते. स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीन या गावी १९८६ च्या सुमारास याचे सुंदर प्रयोग झाले. दोन पट्ट्यांच्या मध्ये बुरशी वाढवली आणि पट्ट्यांना हलकी वीज जोडली. वेल काठीकडे वळावी, तसे धागे वळू लागले. गंमत म्हणजे काही जाती वजा टोकाकडे वळल्या, तर काही अधिक टोकाकडे. प्रत्येकीची खोड वेगळी!

याचे कारण बुरशीच्या अंगातच थोडी वीज असते. आपल्याही असते, साऱ्या सजीवांच्या असते. बुरशीच्या धाग्याला आतून एक पापुद्रा असतो. तो इतका पातळ, की डोक्याच्या एका केसाच्या जाडीत तसले हजारो पापुद्रे मावतील. या पापुद्र्याच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूंत विजेचा फरक असतो. भाकरीवर येणाऱ्या एका नारिंगी बुरशीत तो मोजला आहे. सुमारे ०.२ व्होल्ट भरला. टॉर्चचा एक सेल १.५ व्होल्टचा असतो. म्हणजे सेलच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढी वीज. पण तेवढ्यावर बुरशीचा सारा संसार चालतो. साखर आत घ्यायची, नको ते बाहेर टाकायचे, हे सारे त्या पापुद्र्यातल्या बारीक दारांतून चालते.

बाहेरून विजेचा जोरदार हिसका बसला, की हा तोल ढळतो. पापुद्र्याला क्षणभर बारीक भोके पडतात, धागे हलतात, कुठे तुटतातही. हिसका फार वेळ चालला तर भोके मिटत नाहीत आणि बुरशी मरते. हिसका पळभराचाच असला, तर भोके मिटतात आणि बुरशी सावरते. पण ती घाबरते, असे आपण आपल्या भाषेत म्हणू. डाळिंबाचे झाड पाणी तुटल्यावर घाबरते, तसे. जपानी मंडळींचा तर्क असाच आहे: धोका जाणवून बुरशी मरण्याआधी बी टाकायच्या तयारीला लागते. छत्री म्हणजे बी टाकायचे साधनच ना!

आता कारखान्याकडे वळू. बुरशी नुसती खायच्या कामाची नाही. पाव फुगवणारे यीस्ट ही एक बुरशीच. सरबतात आणि गोळ्यांत घालतात ते लिंबाचे सत आज लिंबापासून होत नाही. एक काळी बुरशी साखरेच्या पाण्यात ते तयार करते. अमेरिकेत १९१९ साली ते कारखान्यात होऊ लागले. आणि सर्वांत मोठे नाव म्हणजे पेनिसिलिन. जखम चिघळून, न्यूमोनियाने माणसे पटापट मरत, त्या काळात हे औषध आले. ते एका हिरवट बुरशीपासून निघते. लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली ते प्रथम दिसले. आपल्या पुण्याजवळ पिंपरीला सरकारने १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना काढला. १९५५ पासून तिथे पेनिसिलिन होऊ लागले. आमच्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी माणसांचे प्राण त्या औषधाने वाचले.

हे औषध मोठमोठ्या बंद टाक्यांत करतात. टाकीत पाणी, साखर आणि मका भिजवून काढलेला रस असतो. खालून हवा सोडतात, मधे रवी फिरवावी तसे ढवळत राहतात. त्यात बुरशी वाढते. इथेही तीच गोष्ट आहे, पाहा. साखर भरपूर असली, की बुरशी खाते, फुगते, पण औषध फारसे करत नाही. साखर तुटपुंजी झाली, की औषध करू लागते. म्हणून पूर्वी दुधातली साखर घालत. ती बुरशीला भराभर खाता येत नाही. पुढे साधी साखर थेंबाथेंबाने सोडू लागले. म्हणजे बुरशीला अर्धपोटी ठेवायचे. डाळिंबाचा ताण आणि पेनिसिलिनचा ताण, दोन्ही एकाच नात्यातले. आम्हाला तरी हे वाचून मोठी गंमत वाटली.

मग उपासाने जमते, तर विजेच्या हिसक्याने का जमू नये? हाच विचार शास्त्रज्ञ करतात. यीस्टवर, कारखान्यातल्या इतर बुरशींवर असे प्रयोग प्रयोगशाळेत होत आले आहेत. हेतू दोन असतात. एक, बुरशीला चेव आणून तिच्याकडून जास्त काम घ्यायचे. दुसरा, पापुद्र्याला भोके पाडून आत अडकलेला माल बाहेर काढायचा.

काचेच्या भांड्यात हे जमते. मोठ्या टाकीत अडचणी येतात. टाकीतल्या पाण्यात क्षार असतात. खारट पाण्यातून वीज सहज वाहते. मग हिसका बसण्याऐवजी पाणीच तापू लागते. पट्ट्यांचे धातू झिजून पाण्यात उतरतात, आणि औषधात ते चालत नाही. शिवाय पट्ट्यांमधले अंतर जितके जास्त, तितकी वीज जास्त लागते. दोन बोटांच्या अंतरात जे थोड्या विजेत होते, ते खोलीएवढ्या टाकीत करायला किती वीज लागेल? म्हणून अरुंद नळीतून पाणी पुढे नेत नेत हिसके द्यायची युक्ती काढली आहे. बटाट्याच्या चिप्स करणाऱ्या काही कारखान्यांत अशी यंत्रे आज चालूही आहेत. तिथे बटाट्याला हिसके देतात. बटाटा मऊ पडतो, सुरीखाली तुटत नाही, काप गुळगुळीत निघतात. बटाट्याला ते साधले, कारण त्याला मारायचेच असते. बुरशीला मारायचे नाही, नुसते डिवचायचे आहे. ते अवघड.

आता एक जिवावरची गोष्ट सांगतो. ती सांगावी म्हणूनच खरे तर आम्ही हा पाठ लिहायला घेतला.

आमच्या गावात बचत गटाच्या बायका भाताच्या पेंढ्यावर धिंगरी अळंबी करतात. एका झोपडीत पिशव्या टांगलेल्या असतात. गटातल्या एका वहिनींचा मुलगा आहे, हुशार आहे. त्याने मोबाइलवर जपानची बातमी वाचली. "विजेने पीक दुप्पट" एवढेच त्याच्या डोक्यात राहिले. त्याने भिंतीवरच्या बटणापासून एक वायर आणली, तिची टोके सोलली आणि ती ओल्या पिशवीत खुपसायला निघाला. खाली जमीन ओली, पाय अनवाणी. वहिनींना शंका आली. त्यांनी आमच्याकडे माणूस धाडला. आम्ही पोचलो तेव्हा वायर त्याच्या हातात होती. बटण तेवढे अजून दाबलेले नव्हते.

आम्ही आधी मेन बंद केला. मग त्याला बाहेर ओट्यावर बसवले. आमचे हात थरथरत होते, हे कबूल करतो.

पोरगा म्हणाला, "गुरुजी, तिकडे पन्नास हजार व्होल्ट देतात. ही तर दोनशे तीसच आहे. हिने काय होणार?"

प्रश्न चांगला होता. यावेळी आम्ही हसलो नाही.

जपानात धक्का ५०,००० ते १,००,००० व्होल्टचा असतो, हे खरे. पण तो किती वेळ? एका सेकंदाचे एक कोटी भाग करा. त्यातला एक भाग! चुलीतल्या जाळातून हात झर्रकन फिरवला तर भाजत नाही. तोच हात जाळात धरून ठेवला तर? घरातली वीज २३० व्होल्टची असली, तरी ती थांबत नाही. बटण बंद करीपर्यंत वाहतच राहते. ती पेंढा तापवील, बुरशी मारील, आणि ओल्या जमिनीवर उभ्या माणसाच्या छातीतून गेली तर काळीज बंद पाडील. माणूस किती व्होल्टांनी मरतो असे विचारू नये. किती वीज अंगातून गेली आणि किती वेळ गेली, ते विचारावे.

"मग ते एवढे व्होल्ट आणतात कुठून?" त्याने विचारले.

टॉर्चमध्ये तीन सेल एकामागे एक घातले, की १.५ चे ४.५ व्होल्ट होतात. तिथेही युक्ती हीच. पंख्याला कंडेन्सर असतो, तो तुम्ही पाहिला असेल. तो वीज साठवतो. तसल्या मोठ्या कंडेन्सरांची रांग शेजारी-शेजारी ठेवून भरतात. मग एका क्षणात ते सारे एकामागे एक जोडले जातात आणि सगळा साठा एकदम सुटतो. एर्विन मार्क्स नावाच्या जर्मन इंजिनियराने १९२४ साली ही रीत काढली. असे यंत्र चालवणारे लोक कुंपण घालून, लांब उभे राहून चालवतात. बंद केलेल्या यंत्रातही साठा उरतो, म्हणून आधी तो जमिनीत सोडतात, मगच हात लावतात. झोपडीत करायचे हे काम नव्हे. कुणी विक्रेता "अळंबीला शॉक द्यायची पेटी" घेऊन दारात आला, तर त्याला दोन प्रश्न विचारा: धक्का किती वेळ टिकतो? आणि धक्का दिलेल्या व न दिलेल्या पिशव्यांचे वजन कुठे लिहून ठेवले आहे? उत्तर आले नाही तर पैसे देऊ नका.

कुणाला विजेचा धक्का बसलाच, तर त्याला हाताने ओढू नका. आधी मेन बंद करा. मेन सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने वायर बाजूला सारा.

पोरगा हिरमुसला. आम्ही त्याला म्हटले, "अरे, धक्का विजेचाच हवा असे कुठे आहे? तुझी आई काय करते ते पाहा." पिशवीत पांढरे धागे पुरते पसरले, की वहिनी प्लॅस्टिक कापून काढतात. अंधारात वाढलेल्या बुरशीला एकदम उजेड लागतो, मोकळी हवा लागते, पाण्याचे फवारे लागतात. तोही एक हिसकाच. त्यानंतरच छत्र्या फुटतात. जपानी शेतकरी ओंडके थंड पाण्यात बुडवतात, तेही हेच.

मग आम्ही दोघांनी मिळून एक बेत केला. पहिले पीक निघालेल्या वीस पिशव्या घेतल्या. सगळ्या एकाच दिवशी भरलेल्या, एकाच पेंढ्याच्या. दहा पिशव्या रात्रभर विहिरीच्या गार पाण्यात बुडवल्या. दहा तशाच टांगल्या. रोजचे पाणी दोघींना सारखे. बुडवलेल्या पिशव्यांना लाल दोरी बांधली. झोपडीच्या दाराला एक वही आणि पेन्सिल अडकवली आहे. रोज निघेल ती अळंबी काट्यावर तोलायची आणि लाल दोरीची एका पानावर, बिनदोरीची दुसऱ्या पानावर लिहायची. वहिनी गेल्या वर्षीच लिहायला शिकल्या. पहिला आकडा त्यांनी स्वतःच्या हाताने मांडला आहे: लाल दोरी, ३५० ग्रॅम. दुसरे पान अजून कोरे आहे.